किती पडले?

शरीरातल्या बहुतेक कारभाराला आपली परवानगी लागत नाही. हृदयाला ‘जरा सावकाश’ म्हणून पाहा, ते ढिम्म ऐकत नाही. यकृताशी तर आपली साधी ओळखही नसते. श्वासाचं तसं नाही. तो वाड्यातल्या जुन्या गड्यासारखा: मालक झोपला तरी काम चालू ठेवणारा आणि हाक मारली, की ‘काय करू?’ म्हणत समोर उभा राहणारा.

२०२१च्या उन्हाळ्यात या बिचाऱ्याची रोज परीक्षा सुरू झाली. घरात कुणाला कोविड झाला, की मागची खोली त्याची. ताट दाराबाहेर स्टुलावर यायचं. ठेवणारी पावलं परत फिरली, की मग कडी काढायची. माझ्या वाट्याला आलेल्या खोलीत एक पलंग, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, गेल्या दिवाळीचा आकाशकंदील आणि मी असे चौघे राहत होतो. बोटाला ऑक्सिमीटर. सहा मिनिटं चालायचं, मग आकडा बघायचा. ९४च्या खाली गेला, तर डॉक्टरांना फोन. ९४ म्हणजे काळजीचं कारण, हे आमच्या घराला दहावीच्या निकालांपासूनच ठाऊक असल्यानं ही चाचणी कुणाला समजावून सांगावी लागली नाही. दाराबाहेरून प्रश्न यायचा, “किती पडले?” मी म्हणायचो, “९७.” बाहेर क्षणभर शांतता. मग, “काल ९८ होते ना?”

ओळखीच्या एका योगशिक्षिकेनं फोनवर सांगितलं, “चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. बाकी काही करू नका.” त्यामागचं कारण मला फार आवडलं. श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. उच्छ्वास लांबवला, की व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे हृदयाला सबुरीचा सांगावा जातो. म्हणजे हृदय आपलं ऐकत नाही, पण गड्याकरवी निरोप धाडला तर ऐकतं. सरकारी कचेरीतही कामं बहुधा अशीच होतात.

श्वास त्यामानानं लवकर वळणावर आला. अवघड होता तो एकांतात भेटणारा माणूस, म्हणजे आपण स्वतः. रात्री दोनला माझ्या डोक्यात गणिताचे मास्तर जागे होत: “नुसता लोळतोस? टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं आणि तुला शब्दकोडं सुटेना!” पतंजलींच्या समाधिपादात ३३वं सूत्र मैत्री-करुणेचं आणि त्याला लागून ३४वं श्वास सोडण्याचं, रोखण्याचं. मनाच्या प्रसन्नतेच्या या दोन वाटा शेजारी-शेजारी नांदतात. पण आपली करुणा नेहमी उंबऱ्याबाहेर जाते. शेजारच्या आजी आजारी पडल्या, तर आपण पेज पाठवतो, “पडून राहा हं, आजी,” असं लोण्यासारख्या आवाजात सांगतो. स्वतःला मात्र छडी. क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःवरच्या करुणेची तीन अंगं सांगितली आहेत: स्वतःशी मायेनं वागणं, आहे ते न फुगवता पाहणं आणि हे भोगणं आपल्या एकट्याचं नाही याची जाण. पहिल्यासाठी मी आजींचंच वाक्य उसनं घेतलं. अंधारात, थोडं लाजत, स्वतःला म्हणालो, “पडून राहा हं.” मास्तर गप्प झाले नाहीत, पण त्यांनी छडी खाली ठेवली.

तिसरं अंग समोरच्या इमारतीत सापडलं. तिथल्या गॅलरीत एक अनोळखी गृहस्थ बरोबर माझ्याच वेळेला येरझाऱ्या घालत. पुढे पुढे आम्ही ऑक्सिमीटर लावलेलं बोट हलवून एकमेकांना नमस्कार करू लागलो. त्यांना किती पडले, हे मी कधी विचारलं नाही.

तुम्हीही कधी अशा खोलीत अडकलात, तर चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. मोजणं मध्येच चुकलं, तर खुशाल पुन्हा एकपासून सुरू करा. याचे मार्क कुणी कापत नाही.