एक्केचाळिशीतला युवराज

रहबामाला सल्ला द्यायला कोणी नव्हतं, असं त्याचा शत्रूही म्हणणार नाही. बायबलमधल्या राजांत इतक्या शिस्तीत सल्ला मागणारा दुसरा सापडणं कठीण. लोकांकडून तीन दिवसांची मुदत घेतली, आधी म्हाताऱ्यांना विचारलं, मग बरोबरीच्यांना विचारलं, दोघांचंही ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी बारापैकी दहा वंश घालवून मोकळा झाला.

शब्बाथ शाळेत ही गोष्ट ऐकताना रहबाम आम्हाला विशीतला वाटायचा. गोष्टीत ‘वडीलधारे’ असत, ‘तरुण’ असत, आणि बाईंचा सगळा रोख आम्हा पोरांकडे असे. पुढे कधीतरी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा चौदावा अध्याय नीट वाचला आणि चाट पडलो. गादीवर बसला तेव्हा स्वारी ४१ वर्षांची होती! म्हणजे त्याच्याबरोबर वाढलेली जी ‘पोरं’ त्याला सल्ला देतात, तीही चाळिशीच्या आगेमागेच असणार. गुडघे कुरकुरायला लागलेली, सुनांची स्थळं बघणारी पोरं. मूळ हिब्रूत त्यांच्यासाठी जो शब्द आहे तो अगदी लहान मुलांनाही लावतात. लिहिणाऱ्याने तो जाणूनबुजून वापरला असावा असं मला वाटतं. राजदरबारचा इतिहास लिहिणाऱ्यालाही कधीतरी चिमटा काढावासा वाटतोच.

त्याची बाजूही बघितली पाहिजे. बाप शलमोन. चाळीस वर्षं राज्य केलं त्याने, म्हणजे हा जेमतेम रांगत असेल तेव्हापासून. बाप गल्ल्यावर आणि मुलगा शेजारच्या स्टुलावर, अशी चाळीस वर्षं. त्यात बाप शहाणा म्हणून जगभर नावाजलेला. शबाची राणी उंट लादून त्याची अक्कल तपासायला आली होती. परंपरेने नीतिसूत्रांचं पुस्तकही त्याच्याच नावावर आहे, आणि त्याचे सुरुवातीचे अध्याय मुलाला उद्देशून आहेत. ज्या घरात ‘माझ्या मुला’ने सुरू होणारं वाक्य रोज ताटात पडतं, त्या घरातला मुलगा चेहरा नम्र ठेवून कान बंद करायला लवकर शिकतो.

शहाण्या बापाने कर्जही शहाण्यासारखंच ठेवलं होतं, म्हणजे दुसऱ्याने फेडायचं. त्याच्या मुदपाकखान्यात रोज दहा पोसलेले बैल, वीस कुरणातले बैल आणि शंभर मेंढरं लागत. हरणं आणि पोसलेली पाखरं वेगळी. त्यासाठी देशाचे बारा भाग पाडून प्रत्येकाकडे वर्षातला एकेक महिना लावून दिला होता. देवाचं मंदिर ७ वर्षांत उभं राहिलं, स्वतःच्या वाड्याला १३ लागली. लबानोनात लाकूड तोडायला ३०,००० माणसं वेठीला धरलेली, पाळीपाळीने एक महिना डोंगरात आणि दोन महिने घरी. डोंगरातला महिना संपतो, पण घरी आल्यावर त्या दोन महिन्यांत शेत कोणी ओढून काढायचं, हे मंदिराच्या हिशेबात लिहिलेलं नसतं.

शलमोन गेला आणि उत्तरेकडचे वंश शखेमला जमले. राज्याभिषेक यरुशलेमात नाही, शखेमात. एवढ्यावरूनच एखाद्याने ओळखलं असतं की पाणी कुठे मुरतंय. शखेमच्या एका अंगाला गरिज्जीम डोंगर, दुसऱ्या अंगाला एबाल. जुन्या रिवाजाने एक आशीर्वादाचा आणि दुसरा शापाचा. लोकांचं म्हणणं अगदी मोजकं होतं. तुमच्या वडिलांनी जू जड केलं, तुम्ही थोडं हलकं करा, आम्ही तुमची चाकरी करू. त्यांच्याबरोबर यराबाम उभा होता. एके काळी शलमोनाच्याच वेठीवरचा मुकादम. पुढे जिवाच्या भीतीने मिसरात पळाला आणि आता परतलेला. असा माणूस समोर असताना मुदत मागणं शहाणपणाचंच. रहबाम म्हणाला, तीन दिवसांनी या.

म्हातारे शलमोनाच्या दरबारात उभं राहून केस पिकवलेले. त्यांनी काय सांगितलं? कर माफ करा म्हणाले नाहीत, वेठ बंद करा म्हणाले नाहीत. आजचा दिवस लोकांचे चाकर व्हा, चार गोड शब्द बोला, ते जन्मभर तुमचे चाकर राहतील, एवढंच. याला संतवचन समजू नये. हा मुरलेल्या कारभाऱ्यांचा सौदा आहे: एक दिवस द्यायचा आणि आयुष्य घ्यायचं. तिजोरीतून एक शेकेलही जात नव्हता. इतका स्वस्त सल्ला नाकारायला माणूस कंजूष असून भागत नाही, तो राजपुत्रच असावा लागतो.

आणि इथे मजकुरात एक बारीक गंमत आहे. आपण समजतो की त्याने दोन्ही सल्ले तोलले आणि चुकीचा निवडला. तसं लिहिलेलं नाही. म्हाताऱ्यांचा सल्ला त्याने आधी टाकला, आणि टाकल्यावर मित्रांकडे गेला. दुसरं मत मागायला गेलाच नव्हता तो, शिक्कामोर्तबाला गेला होता. त्याची भाषाही बदलते. म्हाताऱ्यांना विचारतो, तुमचा सल्ला काय. मित्रांना विचारतो, आपण काय उत्तर द्यायचं. मराठीतल्या या ‘आपण’ची जात ज्याने ओळखली त्याला पुढची गोष्ट ऐकायची गरज नाही. ‘आपण’ म्हणणाऱ्याला सल्ला नको असतो, संगत हवी असते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण अशा लोकांसाठी परवान्यासारखी असते. फक्त आपलं मन दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळालं की त्यांना ते जनाचंही वाटतं.

मित्रांनी निराश केलं नाही. त्यांनी सुचवलेल्या उत्तरात करंगळी होती. युवराजांची करंगळी वडिलांच्या कमरेहून जाड असल्याचा दावा होता. (करंगळीआडून त्यांना आणखी काही सुचवायचं होतं, असं काही भाष्यकार म्हणतात. चाळिशीतल्या मित्रांच्या बैठकीचं एकूण वळण पाहता मला ते पटतं.) शिवाय बापाने चाबूक वापरले तर आपण विंचू वापरू, अशी जोड होती. वाड्याच्या आतल्या दालनात हे वाक्य काय खपलं असेल! कोणी मांडीवर थाप मारली असेल, कोणी म्हणालं असेल, ‘महाराज, हे असंच्या असं बोला.’

पण तो असंच्या असं बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लोकांपुढे त्याने विंचू सोडले, करंगळी मात्र गाळली. एवढ्या सगळ्या प्रकरणात रहबामाने स्वतःच्या डोक्याने घेतलेला हा एकच निर्णय, आणि तो बरोबर होता. म्हणून तर हळहळ वाटते. एक शब्द कधी गाळावा हे ज्याला कळतं, त्याला सगळं वाक्य गिळता आलं असतं.

सासुरवाडीकडूनही त्याला काही शिकता आलं असतं. त्याची सर्वांत लाडकी बायको माका, इतिहासाच्या पुस्तकात तिला अबशालोमाची मुलगी म्हटलं आहे. अबशालोमाने बापाविरुद्ध, म्हणजे दावीदाविरुद्ध, बंड केलं तेव्हा सल्लागार अहीथोफेलाने त्याला कामाचा सल्ला दिला होता: १२,००० माणसं घेऊन आज रात्रीच थकलेल्या दावीदाला गाठू. मग दावीदाचाच पेरलेला माणूस हूशय उठला आणि म्हणाला, घाई कशाला, सगळा इस्राएल गोळा करा आणि आघाडीवर महाराज, तुम्ही स्वतः चाला. अबशालोमाला आघाडीवरचं आपलं चित्र फार आवडलं. दावीदाला निसटायला रात्र मिळाली आणि अबशालोमाचा जीव गेला. माकाने माहेरची ही गोष्ट नवऱ्याला सांगितली नसेल; किंवा सांगितली असेल आणि त्याने ती ‘विचारात घेतली’ असेल.

याच बायबलात ऐकणारेही आहेत. मोशे घ्या. ज्याच्यासाठी समुद्र दुभंगला, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेला पाहून सासरा इथ्रो त्याला बाजूला घेतो आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगतो. मोशे नेमतो, तेही कुरकुर न करता. सासऱ्याचं जावयाने पहिल्या फटक्यात ऐकलं, हा चमत्कार समुद्राच्या चमत्काराशेजारीच नोंदवायला हवा.

इकडे शखेमात लोकांनी दावीदाच्या घराण्याशी आपलं नातं काय, असं विचारलं आणि तंबूंची वाट धरली. आता त्यांची समजूत काढायला कोणाला पाठवावं? रहबामाने अदोरामाला पाठवलं, वेठीच्या खात्याच्या प्रमुखाला! आजोबा दावीदाच्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या यादीतही त्या खात्यापुढे हेच नाव आहे. तीन पिढ्या ज्या नावाने पाठ दुखली, तेच नाव मलम घेऊन आलं. लोकांनी अदोरामाला दगडांनी ठार केलं. राजा घाईघाईने रथात चढून यरुशलेमला पळाला. हा सल्ला त्याला कोणी दिल्याची नोंद नाही.

घरी पोचल्यावर त्याने १,८०,००० लढवय्ये गोळा केले. तेव्हा शमाया नावाचा संदेष्टा आला आणि भाऊबंदांशी लढू नका म्हणाला. आश्चर्य म्हणजे रहबामाने ऐकलं, सैन्य घरी गेलं. अर्थात राजांच्या त्याच पुस्तकात पुढे लिहिलं आहे की त्याची आणि यराबामाची लढाई जन्मभर चालूच राहिली. ऐकण्याचीही मुदत असते म्हणायचं.

पाचव्या वर्षी मिसरचा शिशक चालून आला आणि शलमोनाच्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करून घेतल्या. राजा देवळात निघाला की पहारेकऱ्यांनी त्या हातात घेऊन चालायचं, परत आला की मोजून चौकीत ठेवायच्या. मिरवणूक तशीच, चालही तशीच. फक्त उन्हात कोणी फार जवळ येऊ नये.

१७ वर्षं राज्य केलं त्याने. नावाचा अर्थ लावतात ‘प्रजेचा विस्तार’. राज्याच्या बाबतीत तो उलटला, पण घरात त्याने नाव राखलं. १८ बायका, ६० उपपत्न्या, २८ मुलगे, ६० मुली. मुलांच्या बाबतीत मात्र तो शहाणपणाने वागला, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे, आणि रहबामाबद्दल हा शब्द दुर्मीळ आहे. त्याने काय केलं, तर सगळ्यांना यहूदा आणि बन्यामीनच्या तटबंदीच्या गावांत पांगवलं, पोटभर धान्य लावून दिलं, बायका पाहून दिल्या. एका वाड्यात, एका वयाचे, एकमेकांच्या वाक्यावर मांड्या थोपटणारे अठ्ठावीस जण संध्याकाळी एकत्र बसणार नाहीत, एवढी व्यवस्था त्याने चोख करून ठेवली.