बटाटे, मी आणि समीक्षक बाई

माणसाने कौतुक जरूर करावं, पण लेखी करू नये, असं माझं अलीकडे ठाम मत झालं आहे. तोंडी कौतुक हवेत विरून जातं. लेखी कौतुकाखाली नाव येतं, गाव येतं, आणि मग सोसायटीत तोंड दाखवायची पंचाईत होते.

आमच्या समीक्षक बाई दर शनिवारी सकाळी ईमेलने एक न्यूजलेटर पाठवतात. पाठवतात म्हणजे मला थेट पाठवत नाहीत; बँकेतले माझे जुने सहकारी ते मला पुढे ढकलतात आणि मी ते दुसरा चहा होईपर्यंत अधाशासारखं वाचून काढतो. (हे पुढे ढकलणं जरा लक्षात ठेवा.) पूर्वी बाई एका वर्तमानपत्रात परीक्षण लिहायच्या. तिथे त्यांची जागा आक्रसत आक्रसत इतकी आक्रसली की शेवटी चित्रपटाचं नाव, नटनट्यांची नावं आणि स्टार, एवढंच मावायला लागलं. मग त्या बाहेर पडल्या आणि वाचकांच्या वर्गणीवर स्वतःचं पत्र काढू लागल्या. त्यात स्टार नसतात. एखाद्या मराठी चित्रपटाला अख्ख्या शहरात सकाळी नऊचा एकच खेळ मिळाला, तर बाई स्वतःच्या पैशाने तिकीट काढून नऊला तिथे हजर असतात, आणि पडद्यावर काय होतं याच्या जोडीला थिएटरात मोजून पाच माणसं होती आणि त्यांतलं एक जोडपं मध्यंतरापर्यंत भांडत होतं, हेही लिहितात. मागच्या अंकात ज्याला कंटाळवाणं म्हटलं तो चित्रपट पुन्हा पाहून पुढच्या अंकात ‘तेव्हा माझंच लक्ष नव्हतं’ असं छापणारा समीक्षक मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे, काही झालं तरी त्या शेवट सांगत नाहीत.

याच गुणाने माझा घात केला.

झालं असं, की बाईंनी ‘झान दिएलमान’वर लिहिलं. या चित्रपटाचं पूर्ण नाव ‘झान दिएलमान, २३, के द्यु कॉमर्स, १०८० ब्रुसेल्स’ असं आहे. पिनकोडसकट पत्ता असलेलं चित्रपटाचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. शांताल आकेरमान या बेल्जियन बाईंनी १९७५ साली, म्हणजे वयाच्या पंचविशीच्या आसपास, हा चित्रपट केला. इंग्लंडमधलं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारून सर्वोत्तम चित्रपटांची यादी करतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल आला, मग लागोपाठ पाच वेळा ‘सिटिझन केन’, मग ‘व्हर्टिगो’, आणि २०२२ साली या तिघांना मागे टाकून ही पत्तेवाली गृहिणी पहिली आली. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट तिथे पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. तीन दिवस, एक विधवा, तिचा मुलगा आणि तिचं स्वयंपाकघर. लांबी २०१ मिनिटं.

एवढ्यावर मी शहाणपणाने थांबलो असतो. पण बाईंनी पुढे लिहिलं होतं की, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकीलबाई कोर्टातून निघून पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येते, स्वयंपाक करते, आणि कॅमेरा ते सगळं न कंटाळता बघतो, ते ज्यांना आवडलं त्यांनी हा चित्रपट बघावाच. आता ‘कोर्ट’ मला आवडला आहे, असं मी चारचौघांत अनेकदा सांगून बसलो होतो. इलाज नव्हता.

रविवारी दुपारी चिरंजीवांनी टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि ते मित्राकडे पळाले. प्रेक्षकांत मी, बायको आणि साताऱ्याहून आलेली आत्या. चित्रपट अंधारातच बघायचा असतो म्हणून मी खिडक्यांवर चादरी लावल्या. चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांवरचा ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट पाहिल्यापासून आपणही अंधारात टिपणं काढावीत अशी माझी फार इच्छा होती. नायरांनी आयुष्यभर पाहिलेल्या चित्रपटांच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या. मला हाताशी दुधाच्या हिशोबाची वही मिळाली. उजेडात नंतर पाहिलं तर मी ‘बटाटे. दार. बटाटे. दिवा बंद. बटाटे’ असं म्हशीच्या दीड लिटरवर आडवं लिहिलं होतं, आणि त्या महिन्यात दूधवाल्याला काय दिलं ते अजून जुळलेलं नाही.

पडद्यावर बाई बटाटे शिजत ठेवत होती. कॅमेरा समोर उभा, तोही जागचा हलत नाही. मग दारावरची बेल वाजली, एक गृहस्थ आले, बाईने त्यांचा कोट आणि टोपी घेतली, दोघं आत गेले, बाहेर आले, गृहस्थांनी पैसे दिले आणि ते गेले.

‘‘कसली माणसं! पाहुण्याला पाणीसुद्धा विचारलं नाही,’’ आत्या म्हणाली.

‘‘आत्या, तो पाहुणा नव्हे,’’ असं म्हणून बायकोने तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

आत्याने क्षणभर विचार केला. ‘‘असं होय! मग पैसे आधी घ्यायला हवेत हिनं.’’

बाईने ते पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकून वर झाकण ठेवलं. हे आत्याला मनापासून पटलं. तिचे तूरडाळीच्या डब्यात असतात. तेवढ्यावर त्या दोघींचं सूत जमलं, एक साताऱ्याची आणि एक ब्रुसेल्सची, आणि मला मात्र मुलाचे बूट पॉलिश व्हायच्या सुमाराला दृश्यकलेचा इतका खोल अनुभव यायला लागला की माझे डोळे आपोआप मिटले.

जाग आली तेव्हा बाई अंधारात टेबलाशी नुसती बसली होती. रस्त्यावरच्या दिव्याचा निळा उजेड तिच्यावर लुकलुकत होता. मीही थोडा वेळ तसाच बसलो. ती काही उठेना. शेजारी पाहिलं तर बायको आणि आत्या श्वास रोखून बघत होत्या.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘बरोबर केलं तिनं,’’ आत्या म्हणाली.

‘‘काय केलं?’’

‘‘जागा असतास तर कळलं असतं.’’

रात्री भाजी निवडताना बायको आपणहून बोलत होती. म्हणाली, पहिल्या दिवशी खोलीतून निघताना आठवणीने दिवा बंद करणारी बाई ती. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजले, आणि तेव्हाच मला कळलं की हिचं काहीतरी बिनसलंय. पातेलं घेऊन ही घरभर फिरते, कुठे टाकायचं ते सुचत नाही. सुपाच्या भांड्यावर झाकण ठेवायला विसरते. ‘‘बाईच्या डोक्यात काय चाललंय ते तिच्या चेहऱ्यावर नाही दिसत हो, ओट्यावर दिसतं.’’

हे वाक्य ऐकून मी जागच्या जागी ताठ झालो. त्याच रात्री बाईंना कौतुकाचं पत्र लिहायला बसलो. तुमचं लिखाण म्हणजे मरुभूमीतील हिरवळ वगैरे मजकूर झाल्यावर पत्र फारच कोरडं वाटायला लागलं, म्हणून त्यात बटाटे घातले. मग पातेलं घातलं, झाकण घातलं, आणि शेवटी ओट्याचं वाक्य घालून खाली माझी सही केली.

पुढच्या शनिवारी बाईंनी ते पत्र सगळ्यांत वर छापलं. ‘एका वाचकाची विलक्षण बारीक नजर’ असं वर शीर्षक! दहाच्या आत ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. साडेदहाला बायको फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

‘‘बटाटे जास्त शिजलेले तुम्हाला कधीपासून कळायला लागले? आपल्या घरी तर कळत नाहीत.’’

मी पेपरात डोकं घातलं.

यानंतर तरी विषय संपायचा. पण बाईंनी वाचकांचा मेळावा ठरवला आणि ‘बटाट्यांबद्दल दोन शब्द बोला’ म्हणून मला आग्रहाचं बोलावणं आलं. बायको म्हणाली, मीही येते. त्या स्वरात नाही म्हणायची सोय नव्हती.

मेळावा मात्र खरोखर फार छान झाला, हे माझी फजिती बाजूला ठेवून सांगायला हवं. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघालं तेव्हापासून आपण फिल्म सोसायटीवाले आहोत, असं सांगणारे एक आजोबा बाईंचा प्रत्येक अंक छापून, भोकं पाडून फायलीला लावून घेऊन आले होते. एक मुलगी म्हणाली, ‘फँड्री’ मी दोनदा पाहिला, पण तुमचं वाचून तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा पहिल्यांदा दिसला. लहान गावातून आलेले एक मास्तर उठले. म्हणाले, आमच्याकडचं थिएटर पाडून तिथे मंगल कार्यालय झालं. तुम्ही लिहिता त्यातलं निम्मं मला बघायला मिळत नाही, मिळणारही नाही, तरी मी वाचतो. एवढं बोलून ते खाली बसले. बाईंना पुढचं बोलायला जरा वेळ लागला.

आणि मग माझं नाव पुकारलं.

मी ‘अवकाश’, ‘चौकट’ आणि ‘काळाचं भान’ हे तिन्ही शब्द पहिल्या दोन मिनिटांत वापरून टाकले. टाळ्याही पडल्या. बसणार इतक्यात झोळीवाला एक दाढीधारी तरुण उभा राहिला आणि त्याने अत्यंत आदराने विचारलं, ‘‘सर, शेवटच्या त्या कृतीकडे तुम्ही कसं बघता?’’

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. मला आत्याचं ‘बरोबर केलं तिनं’ आठवलं आणि बुडत्याला काडीचा आधार मिळाला. खणखणीत आवाजात म्हणालो, ‘‘मित्रा, तिने जे केलं ते अगदी बरोबर केलं! किंबहुना मी तर म्हणेन, हे घराघरांत व्हायला हवं!’’

सभागृह स्तब्ध झालं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खुर्ची मागे सरकवली. तिने काय केलं हे बाईंच्या नियमाला धरून मीही इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की तिच्या हातात कात्री होती.

बाई चतुर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि माइक बायकोच्या हातात दिला. ती काही अवकाशबिवकाश म्हणाली नाही. भाजी निवडताना बोलली होती तेच तिथे बोलली. आजोबांनी फाईल उघडून लिहून घेतलं. निघताना दारापाशी वर्गणीदारांची यादी घेऊन बसलेल्या मुलीने माझं नाव वरून खाली आणि खालून वर शोधलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात विचारलं, ‘‘काका, तुम्ही नक्की वर्गणीदार आहात ना?’’

वर्षाची वर्गणी आमच्या दोघांच्या एका सिनेमाच्या खर्चाएवढी निघाली, तीही मध्यंतरातले पॉपकॉर्न धरून. मी ती जागच्या जागी भरली. नाव बायकोने सांगितलं, स्वतःचं. आता बाईंची आणि तिची पत्रापत्री चालते, आत्या साताऱ्याहून फोनवर आपली मतं कळवते, आणि मला या तिघींत कुणी काही विचारत नाही.

तेव्हा तुम्हीही असं एखादं पत्र कुणाकडून ढकललेलं वाचत असाल, तर आधी वर्गणी भरून टाका. लिहिणाऱ्याला दोन ओळी कळवा, तो त्यावर आठवडा काढतो. फक्त त्या कळवण्याआधी चित्रपट शेवटपर्यंत जागेपणी बघा.