इच्छापूरचं विमान

हल्ली कुठल्याही दोन गावांची नावं टाकली की फोन हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगून मोकळा होतो. इंदूर ते इच्छापूर: पावणेदोनशे किलोमीटर, पंधरा मिनिटांच्या आत. हिशेब चोख आहे. अंतराला ताशी आठशेनं भागलं की झालं. विमान उतरणार कुठे, केळीच्या बागेत की इच्छादेवीच्या टेकडीवर, हे भागाकाराला विचारायचं नसतं.

जमिनीवरून हेच अंतर दोनशेच्या घरात जातं. सिमरोल सोडलं की घाट, बडवाहच्या पुढे मोरटक्क्याला नर्मदेचा पूल, मग सनावद, खंडवा, असीरगड, बऱ्हाणपूर. नर्मदेला पूर आला की पूल बंद. घाटात ट्रक आडवा झाला, तर मग घड्याळाकडे बघूच नये. म्हणून 'इंदूर किती लांब?' याला इथे कुणी किलोमीटरमध्ये उत्तर देत नाही. 'घाट मोकळा असला तर जेवायला पोचाल,' म्हणतात. कुठल्या जेवणाला, ते सांगत नाहीत.

त्यात रस्त्याचं नावच 'इंदूर-इच्छापूर'. त्यामुळे इंदुरात गावाचं नाव पुष्कळांच्या तोंडी. गाव पाहिलेले थोडे. इथून पुढे महाराष्ट्र लागतो, म्हणून रस्त्याला टोक हवं होतं, ते आम्ही झालो.

2024 पासून जळगावहून पुण्याला विमान जाऊ लागलं, ही मात्र खरी सोय. पण आधी भुसावळ ओलांडून विमानतळ गाठा, वेळेआधी हजर व्हा, पट्टा काढा, पट्टा घाला. आकाशातला वेळ सगळ्यांत कमी. 1615 साली इंग्लंडचा वकील टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपूरला आला, तेव्हा त्याला पंधरवडा लागला. विमानाला अर्धा तास पुरेल. पण रोचा पंधरवडा दारापासून दारापर्यंतचा होता, एवढं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे.

तसा उड्डाणात हा मुलूख मागे नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव इथून जवळच. गावाला ज्यांचं नाव, ते योगी चांगदेव वाघावर बसून भेटीला निघाले, तर समोरून चार भावंडं चक्क भिंतीवर बसून आली, अशी कथा आहे. ना तिकीट, ना सामानाचं वजन. त्यांतली धाकटी मुक्ताबाई आमच्या शेजारची. मुक्ताईनगर तिचंच, जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात.

तिथून मुक्ताईची पालखी ज्येष्ठात पंढरपूरला निघते. हवाई अंतर पावणेचारशेच्या आसपास, भागाकारानं अर्धा तास. पालखी महिनाभर चालते. वारीला जाणाऱ्या एका आबांना मी हा अर्ध्या तासाचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "मग उरलेला महिना करायचं काय?"