वकील व्हायला किती महिने?

काय गं, लेक वकील व्हायचं म्हणतेय म्हणे? छे, तुझ्या घरातलं कोणी नाही बोललं. परवा अलिबाग स्टँडवर तुझी जाऊ भेटली, रेवदंड्याची गाडी लागायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. पनवेलच्या कुठल्याशा क्लासवाल्यानं दोन वर्षं लागतील म्हणून सांगितलं, तेही. लागतीलच! दोन वर्षांची फी घ्यायची तर अभ्यासही दोन वर्षांचाच दाखवायला हवा ना त्याला.

ये, अशी फणसाच्या बाजूनं ये, तिथे वई खाली बसली आहे. मी ह्या कांद्याच्या माळा बांधता बांधता बोलते. एकदा शनिवार उजाडला आणि तुझ्याकडे मुंबईची माणसं उतरली की तू दिसतेस ती थेट सोमवारी.

मी काही वकील नाही. पण कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या बाईला फुकट सल्ला द्यायचा अधिकार असतो. शिवाय माझी पेणची नात ह्याच दिव्यातून गेली आहे. तेव्हा ऐक.

आधी हे सांग, परीक्षा कुठली देणार आहे ती? बघ, हेच कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, किती महिने अभ्यास करावा? अगं, कशाचा ते तर कळू दे! एक आहे आपल्या राज्याची सीईटी. ही २०१६ पासून आली, त्याआधी बारावीच्या नाहीतर पदवीच्या मार्कांवर प्रवेश मिळायचा. आमच्या कोर्टातल्या मोठमोठ्या वकिलांची कोणी प्रवेश परीक्षा घेतली नव्हती, आणि काहींचं बोलणं ऐकून ते कळायचंही. जाऊ दे, मेलेल्या माणसांविषयी वाईट बोलू नये. तर मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस, आपलं अलिबागचं दत्ता पाटील लॉ कॉलेज, ही सगळी ह्या सीईटीवर. गव्हर्नमेंट लॉ म्हणजे १८५५ सालचं, बाबासाहेब तिथे प्राचार्य होते. तिथला कट-ऑफ मात्र नाकात दम आणतो.

दुसरी क्लॅट. ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपापली परीक्षा घ्यायचं, पोरं बॅगा घेऊन गावोगाव फिरायची. एक जण त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला आणि २००८ पासून बहुतेकांची मिळून एक झाली. वकील होण्याआधीच वकिली! आपल्या राज्यात अशी विद्यापीठं तीन, मुंबई, नागपूर आणि संभाजीनगर. फी वर्षाला लाखांत जाते, ते आत्ताच नवऱ्याच्या कानावर घालून ठेव. गव्हर्नमेंट लॉची हजारांत आहे.

आता महिने मोजू. बोर्डाची बारावी फेब्रुवारीत. सीईटी बोर्डानंतर, एप्रिल-मेच्या सुमाराला. आणि क्लॅट? अलीकडे ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी घेतात. हो, आदल्या डिसेंबरात, म्हणजे बोर्डाच्याही आधी! तुझं तोंड बघ कसं झालं. आमच्या जावयाचंही असंच झालं होतं, ‘बारावी होऊन जाऊ दे, मग बघू’ म्हणत तो निवांत होता. त्याला वाटलं, बारावीनंतरच्या कोर्सची परीक्षा म्हणजे ती बारावीनंतरच असणार. सरळ विचार करणाऱ्या माणसाचं तिथेच फसतं.

तुझी आत्ता अकरावी संपवून बारावीत गेली. म्हणजे डिसेंबरला आठ महिने आणि सीईटीला वर्ष. आता तूच सांग, त्या क्लासवाल्याची दोन वर्षं कुठून आणायची?

दोन्ही परीक्षा दोन तासांच्या आणि दोन्हीत हल्ली एकशेवीस प्रश्न. वरून सारख्या दिसतात. पण क्लॅटमध्ये उतारे असतात, चांगले साडेचारशे शब्दांपर्यंतचे, आणि त्याखाली प्रश्न. कायद्याचे प्रश्नही तसेच. नियम काय तो उताऱ्यातच दिलेला असतो, तो प्रसंगाला लावून दाखवायचा. आधीचं कायद्याचं ज्ञान लागत नाही. लागतं ते भराभर वाचून कळणं, तेही इंग्रजीत, कारण मराठीत तो पेपर नाहीच. मिनिटाला एक प्रश्न, आणि त्याच मिनिटात उतारा वाचायचा. चुकलं की पाव मार्क कापतात. चार चुका केल्या की एक बरोबर आलेलं उत्तर गेलं.

सीईटीत वजाबाकी नाही. प्रश्न मराठीतही असतात. घटनेचं कलम कुठलं, अमुक लॅटिन म्हणीचा अर्थ काय, असे सरळ प्रश्न येतात. तिथे एकही जागा रिकामी सोडायची नाही, हे पोरीला बजावून सांग. नातीची एक मैत्रीण प्रामाणिकपणे नऊ प्रश्न सोडून आली. येत नव्हते म्हणाली. अगं, येत नव्हते म्हणून काय झालं? चारातलं एक लावून यायचं! असला प्रामाणिकपणा पुढे साक्षीदाराला शोभेल.

म्हणून माझ्या मते हिशेब असा. सीईटीला चार महिने पुरतात, रोज दोन तास, आणि बोर्ड झाल्यावर मधले जे दिवस मिळतात त्यात जरा जास्त. त्या दिवसांत जुन्या पेपरांना घड्याळ लावून बसायचं. नुसतं सोडवायचं नाही, चुकलं ते का चुकलं हे वहीत लिहायचं. क्लॅटला वर्ष हवं. इंग्रजी कादंबऱ्या वाचणारी मुलगी असेल तर सहा महिन्यांतही जमतं, आणि पेपर उघडल्यावर जांभई देणारी असेल तर तुझ्या क्लासवाल्याची दोन वर्षंही कमी पडतील. तुझी नागावच्या मराठी शाळेतली ना? हुशार आहे, मी कुठे नाही म्हणते? पण आठ महिन्यांत तिच्या डोळ्यांना इंग्रजी उताऱ्याची सवय व्हायला हवी. ती एकदम होत नाही. वाल आज भिजवले म्हणून आजच बिरडं होतं का? रात्रभर भिजायचे, मग फडक्यात बांधून मोड येऊ द्यायचे, आणि ते मोड येईपर्यंत तू उघडून उघडून बघितलंस तर येत नाहीत ते नाहीतच. रोज एक अग्रलेख, अर्धा तास, एकही दिवस न चुकवता. रविवारी सहा तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही ह्यात.

पेपर विकत घ्यायची गरज नाही. तुझ्या कॉटेजवर येणारे लोक इंग्रजी पेपर टाकून जातात, मी बघते की, तू त्यात बांगडे गुंडाळतेस. बांगडे गुंडाळायच्या आधी तिला वाचू दे.

क्लॅटचा फॉर्म भरायचाय तर भरा, पण खुल्या वर्गाला चार हजार रुपये पडतात. सहज म्हणून देऊन बघायची परीक्षा नाही ती. मी तुझ्या जागी असते तर जुलैपर्यंत तिला रोजचं वाचू दिलं असतं, मग एक जुना पेपर दोन तासांत सोडवायला लावला असता आणि त्यावर ठरवलं असतं. निम्मे बरोबर आले तर चार हजार भर. नाहीतर सगळा जीव सीईटीत घालायचा. कमीपणा कसला त्यात? कोर्टात उभं राहिल्यावर न्यायाधीश कधी विचारत नाहीत, कुठली प्रवेश परीक्षा दिली होती म्हणून.

आणि एक. पुस्तकं कुणाकडून जुनी आणलीस तर पहिलं पान बघ. १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोड गेलं, भारतीय न्याय संहिता आली. सगळे आकडे बदलले. खुनाचं तीनशेदोन आता १०३ झालं. फसवणुकीचं चारशेवीस आता ३१८. आमच्या पिढीला हे फार जड जातंय हं. उद्या कोणी लबाड भेटला तर ‘तो तीनशेअठरा आहे’ असं कसं म्हणणार? जिभेला वळणच नाही. पण पोरीला आकडे नवेच पाठ हवेत. जुनी गाइडं रद्दीत घाल, कितीही नवीकोरी दिसली तरी.

सामान्य ज्ञानाची काळजी करू नको. आपल्या भागात राहून कायदा कळला नाही तर नवल. चरीचा संप माहीत आहे ना तिला? चरी काही लांब नाही आपल्याला. खोतांच्या विरुद्ध कुळांनी १९३३ ला शेती कसायची थांबवली, नारायण नागू पाटील पुढे होते, आणि वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या लोकांनी, पण मागे हटले नाहीत. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी होते, १९३७ ला त्यांनी खोती मोडायचं बिल मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. माझ्या सासऱ्यांच्या तोंडी ह्याच गोष्टी असायच्या. आणि महाड! चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हे शाळेत शिकवतात. पण त्या तळ्यावरून दिवाणी दावा लागला होता, तळं खाजगी की सार्वजनिक म्हणून, आणि तो हायकोर्टात जाऊन बाबासाहेबांच्या बाजूनं निकाली लागला १९३७ ला, हे किती जणांना ठाऊक असतं? दहा वर्षं. एका घोटाच्या हक्कासाठी दहा वर्षं तारखा. पोरीला हे सांग, म्हणजे आठ महिन्यांचं ओझं वाटणार नाही तिला.

हसायचं असेल तर अलीकडचं सांगते. ‘अलिबागसे आया है क्या’ म्हणून आपल्याला हिणवतात ना, त्यावर बंदी घाला म्हणून आपल्याच तालुक्यातले एक गृहस्थ हायकोर्टात गेले होते, २०१९ ला. कोर्टानं याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असं म्हणालं. मला विचारशील तर याचिका हरली तरी माणूस गेला हे बरं झालं. दुसरा कुठला तालुका आपल्या नावासाठी हायकोर्टाची पायरी चढलाय? तिला म्हणावं, जनहित याचिका म्हणजे काय हे पाठ करायला बसू नको, ही गोष्ट लक्षात ठेव.

दाखल्यांचं मात्र आत्ताच बघ. डोमिसाइल, आणि तुमच्यात लागतं ते नॉन क्रिमिलेअर. मे-जूनमध्ये तहसिलीत अख्खा जिल्हा रांगेत उभा असतो. नातीचा अभ्यास वेळेवर झाला होता, दाखला नव्हता झाला. प्रवेशाच्या फेरीला जीव टांगणीला. अभ्यासाचे महिने सगळे मोजतात, कागदाचे कोणी मोजत नाही.

काय म्हणालीस? पाच वर्षं फार होतात? मग पदवी करून तीन वर्षांचं कर म्हणावं. त्याची सीईटी वेगळी, पदवीला खुल्या वर्गातून पंचेचाळीस टक्के असले की देता येते. वयाची अट नाही. आमच्या कोर्टात एक बँकेतले निवृत्त साहेब सनद घेऊन आले होते, डोक्यावर एक काळा केस नव्हता आणि कोट मात्र कोरा करकरीत. तरुण वकील त्यांनाच आधी नमस्कार करायचे, न्यायाधीश समजून.

असं का विचारतेस? वयाची अट खरंच नाही का म्हणून दोनदा विचारलंस आत्ता. अगं, लाजतेस काय! बीकॉमला किती होते तुला? चोपन्न? मग झालं की. आणि हे बघ, पाच वर्षांच्या कोर्सची आणि तीन वर्षांच्या कोर्सची परीक्षा एका दिवशी नसते. त्यामुळे तू गेलीस की लेक कॉटेज बघेल, लेक गेली की तू. ऐन मे महिन्यात दोघी एकदम गेलात तर सासूबाई माझ्याकडे येऊन बसतील, ते मला नको.