लायझनवाला

महापालिकेच्या पथ विभागात सकाळी शिपाई कुलूप काढतो तेव्हा बाकावर एक माणूस आधीच बसलेला असतो. खांद्याला काळी बॅग, काखेत नकाशांची गुंडाळी, खिशाला दोन पेनं. निळं स्वतःसाठी. हिरवं स्वतःसाठी नाही. ऐन सहीच्या वेळी साहेबांचं हिरवं पेन सुकलं, तर सही उद्यावर जाऊ नये म्हणून. नवखा नागरिक त्यालाच कर्मचारी समजून ‘पाणीपट्टी कुठे भरायची?’ असं विचारतो, आणि तो खिडकी क्रमांकासकट बरोबर सांगतो. कंपनीच्या कार्डावर त्याचा हुद्दा ‘मॅनेजर, लायझनिंग’ असा आहे. विभागात तो ‘भाऊ’. आपणही भाऊच म्हणू.

भाऊ ब्रॉडबँड कंपनीत आहे, पण राउटर कसा चालतो ते त्याला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. त्याचा संबंध राउटरच्या अलीकडच्या गोष्टीशी. भिंतीवर लुकलुकणाऱ्या डब्यापर्यंत जी फायबर येते ती रस्त्याखालून येते, रस्ता महापालिकेचा असतो आणि महापालिकेला विचारल्याशिवाय त्यात चर खणता येत नाही. हे विचारणं म्हणजे भाऊची नोकरी. अर्ज पथ विभागाकडे. पण पथ विभाग पाणीपुरवठ्याला विचारतो, पाणीपुरवठा म्हणतो ड्रेनेजवाल्यांचं आधी आणा, वाहतूक पोलीस म्हणतात रात्रीच खोदा आणि रहिवासी म्हणतात रात्री खोदू नका. वाटेत एखादं झाड आलं की उद्यान विभाग जागा होतो.

भाऊला पाहायचं तर जागापाहणीच्या दिवशी पाहावं. कनिष्ठ अभियंता भाऊच्याच स्कूटरवर मागे बसून येतो. पाणीपुरवठ्याचा माणूस रस्त्यावर टाच आपटून सांगतो, ‘‘आमची लाइन इथून गेलीय.’’ ड्रेनेजवाला दोन पावलं डावीकडे सरकून तिथे टाच आपटतो. दोघांच्याही हातात नकाशा नसतो. मग सगळे भाऊकडे बघतात. भाऊ चष्मा कपाळावर ढकलून म्हणतो, ‘‘दोघांचीही इथे नाहीये. सहाशे एमएमची बिडाची लाइन पलीकडच्या फुटपाथखाली आहे. वीजवाल्यांनी खणलं होतं तेव्हा उघडी पडली होती, मी उभा होतो इथेच.’’ कनिष्ठ अभियंता ते मुकाट्याने लिहून घेतो आणि भाऊची आठवण सरकारी नोंद होते. लोक पत्ता सांगताना देऊळ, मेडिकल, वडाचं झाड सांगतात. भाऊ म्हणतो, ‘‘जिथे तीन डक्ट एकत्र येतात ना, तिथून उजवीकडे.’’ वरचं शहर त्याला जरा परकंच वाटतं. खोदण्याआधी जमिनीखाली कोणाचं काय आहे ते कळावं म्हणून केंद्र सरकारने २०२३ च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. आमच्या भागातले जेसीबीवाले अजून भाऊलाच कॉल करतात.

आता कायदा. दूरसंचाराच्या तारा टाकायला दुसऱ्याच्या जमिनीतून वाट मिळण्याची तरतूद १८८५ च्या तार कायद्यातच होती. २०१६ मध्ये त्याखाली स्वतंत्र नियम झाले. अर्जाचं शुल्क किलोमीटरला फार तर हजार रुपये. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा, आणि खरा आकडा तोच. तो मीटरवर मोजतात आणि ऐकल्यावर कंपनीचे लोक खुर्ची शोधतात. पण नियमांतलं सर्वांत देखणं कलम मुदतीचं. साठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं, असं त्यात होतं. १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम आले, तरी न बोलणाऱ्या कचेरीचा होकार गृहीत धरायचा, हे तत्त्व कायम राहिलं.

जुने नियम होते तेव्हा मुख्य कार्यालयातून नव्याने आलेला एक तरुण इंजिनिअर साठ दिवसांच्या कलमाची छापील प्रत घेऊन भाऊकडे आला. ‘‘भाऊ, साठ दिवस होऊन गेले. परवानगी मिळालीच की आपल्याला. उद्या काम सुरू करू.’’

‘‘बाळा, तिच्यावर सही कोणाची?’’

‘‘कोणाची नाही. गृहीत आहे ती.’’

‘‘मग रात्री पोलीस आला की दाखवणार काय? कॅलेंडर?’’ भाऊने प्रत नीट घडी घालून परत दिली. ‘‘आणि एकसष्टाव्या दिवशी पुढच्या रस्त्याचा अर्ज घेऊन मी कुठल्या टेबलावर जाऊ?’’

या दुसऱ्या प्रश्नाला दिल्लीतल्या कुठल्याही नियमात उत्तर नाही. कंपनीला एक परवानगी हवी असते, भाऊला त्या टेबलाशी पुढची वीस वर्षं संबंध ठेवायचे असतात. ते कलम तो देवघरातल्या तलवारीसारखं जपतो: दसऱ्याला पूजा, एरवी म्यानात.

शिवाय कचेरीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. अर्ज नाकारायचा तर नियमाप्रमाणे कारण लिहून द्यावं लागतं, अर्जदाराचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणून अर्ज सहसा कोणी नाकारतच नाही. त्रुटी काढतात. ‘नकाशावर उत्तर दिशा दर्शविलेली नाही.’ भाऊ बाण काढून आणतो. ‘उत्तर दिशा दर्शविली आहे, परंतु तीवर शिक्का आल्याने बोध होत नाही.’ शिक्का कचेरीचाच असतो. भाऊ वाद घालत नाही. तो नवा नकाशा आणतो आणि आवक खिडकीवरच्या ताईंना विनंती करतो, ‘‘ताई, या वेळी शिक्का जरा दक्षिणेला मारा.’’ २०२२ पासून केंद्राचं ‘गतिशक्ती संचार’ पोर्टल आहे, अर्ज ऑनलाइन भरता येतो. भाऊ तो भरतो, त्याची प्रिंट काढतो, आणि ती प्रिंट घेऊन टेबलावर जातो.

तुमच्या मनात आता जो प्रश्न आला तो मीही त्याला विचारला होता. त्याने टपरीवर दोन कटिंग सांगितले आणि विषय वाहतूक पोलिसांवर नेला.

भाऊचं वर्ष चैत्रात सुरू होत नाही. पावसाळ्यात खोदाई बंद, ती साधारण ऑक्टोबरात उघडते. तेव्हा दिवाळी तोंडावर असते. मग कुठलीतरी आचारसंहिता, मग कोणीतरी मोठा पाहुणा शहरात येणार म्हणून घाईने डांबरीकरण, आणि ताजा रस्ता दोष दायित्व कालावधीत आहे म्हणून त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या फटींत भाऊ फायबर सारतो. मे महिन्यात बाकीचे लोक हापूसचा भाव विचारतात, तो खोदाईची तारीख आठवडाभर वाढली का ते विचारतो.

त्याला राग फक्त एका जमातीचा. रात्रीतून विजेच्या खांबावरून झाडावर, झाडावरून गच्चीवर काळ्या वायरी फेकून सकाळी कनेक्शन देणारे. ‘‘ना अर्ज, ना चलन, ना डिपॉझिट,’’ भाऊ म्हणतो, आणि त्याचा आवाज खरोखर दुखावलेला असतो. त्याच्या कंपनीची फाइल ड्रेनेज विभागात असते तेव्हा समोरच्या सोसायटीत लोक लोंबत्या वायरीवर सामने बघत असतात. माझं मत विचाराल तर या लोंबत्या वायरी त्या त्रुटींच्याच पोटी जन्मल्या आहेत. सरळ वाटेला इतके टेबल लावल्यावर माणसं गच्चीवरून जाणारच. हे मी भाऊला बोललो नाही. कचेरीबद्दल वावगं त्याला ऐकवत नाही. त्याची अर्धी मित्रमंडळी तिथलीच आहेत.

तेव्हा तुमच्या गल्लीत चर खणलेला दिसला, तर तोंड उघडण्याआधी तिथला फलक शोधा. त्यावर कंपनीचं नाव, चराची लांबी, परवानगीचा क्रमांक आणि कामाची मुदत लिहिलेली असायला हवी. मुदत उलटून गेली असेल तर खुशाल भांडा. फलकच नसेल, तर वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार करा, आणि पोच घ्यायला विसरू नका.