कब्जेदाराच्या सदरी

बांधावरून भाऊबंद तीन पिढ्या कोर्टात भांडले, तरी भांडण कोणत्या जमिनीचे आहे यावर त्यांचे एकमत असते. होक्काइदो आणि कामचात्का यांच्यामधल्या कुरील या ज्वालामुखी बेटांच्या माळेत तेवढीही सोय नाही. दक्षिण टोकाची एतोरोफू, कुनाशिरी, शिकोतान आणि हाबोमाई नावाचा चिमुकल्या बेटांचा पुंजका १९४५ पासून मॉस्कोच्या कब्जात आहे. जपान म्हणतो, ही आमची. रशिया म्हणतो, कुरील तुम्हीच सोडलीत. त्यावर जपान म्हणतो, सोडली ना, पण ही कुरील नव्हेतच!

घोळ १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कागदाचा. तिथे जपानने कुरीलचे हक्कसोडपत्र लिहून दिले. कोणाच्या लाभात, ते मात्र लिहिलेच नाही. ज्याला लाभ हवा होता त्या सोव्हिएत संघाने सहीच केली नाही. आपल्याकडचा नवशिका दस्तलेखकसुद्धा असा दस्त पुढे सरकवणार नाही. बरे, त्याच वर्षी जपानच्याच परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने संसदेत सांगून ठेवले होते की कुनाशिरी आणि एतोरोफू कुरीलमध्येच येतात. पुढे सरकारला भूगोल नव्याने समजला.

१९५६ मध्ये मॉस्को म्हणाले, शांतता तह करा, शिकोतान आणि हाबोमाई देतो. तह अजून व्हायचा आहे. मधल्या काळात नजराणे झाले. २०१२ मध्ये जपानच्या आकिता प्रांताने पुतिन यांना युमे नावाची कुत्री दिली, बदल्यात प्रांताच्या गव्हर्नरांना सैबेरियन मांजर आले. २०१६ मध्ये युमेला जोडीदार देऊ केला, तो पुतिन यांनी नाकारला. त्याच डिसेंबरात ते जपानी पत्रकारांसमोर युमेला घेऊन आले आणि ती पत्रकारांवरच भुंकली. इतकी स्पष्ट भूमिका दोन्ही परराष्ट्र खात्यांना आजवर घेता आलेली नाही. जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे आणि पुतिन पंचवीसहून अधिक वेळा भेटले. बेट एकही हलले नाही. २०२० मध्ये रशियाने भूभाग देऊन टाकण्याची बंदी थेट राज्यघटनेतच घातली आणि २०२२ मध्ये, युक्रेनवरून जपानने निर्बंध लादल्यावर, तहाची बोलणीच मोडली.

बेटांवरून हुसकावलेले जपानी सतरा हजारांच्या आसपास होते. त्यांतले उरलेले आता म्हातारे झालेत. होक्काइदोच्या नोसाप्पू टोकावरून सगळ्यांत जवळचा खडक जेमतेम पावणेचार किलोमीटरवर आहे. दुर्बिणीतून दिसतो.

आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. या बेटांच्या उताऱ्यावर तो दोघांनीही कोराच ठेवला आहे. बेटांची नावे ज्यांच्या भाषेतली, ते ऐनू लोक जपान-रशियातल्या बेटांच्या १८५५ च्या वाटणीलाही हजर नव्हते आणि १८७५ च्या अदलाबदलीलाही. १८८४ मध्ये जपानने उत्तर कुरीलमधल्या ९७ ऐनूंना उचलून शिकोतानवर नेऊन ठेवले. ऐनू हे मूळ रहिवासी आहेत, असे जपानच्या कायद्यात पहिल्यांदा लिहिले गेले ते २०१९ मध्ये.