आधी मला तेल लावा

दिवाळीत स्वतःवर प्रेम करा, असं सांगणाऱ्या बायका कोजागरी उलटली की मोबाईलमध्ये दिसायला लागतात. पांढरा सोफा, हातात कप, मागे कुंडीत एकच झाड. सणासुदीत 'नाही' म्हणायला शिका, दीर्घ श्वास घ्या, स्वतःसाठी वेळ काढा, असं त्या अगदी मंद आवाजात सांगतात. एवढ्या मंद आवाजात बोलणं त्यांना परवडतं, कारण त्यांच्या घरात मिक्सर चालू नसतो. आमच्याकडे त्याच वेळी लाडवांसाठी पिठीसाखर दळली जात असते. मी 'नाही' म्हटलं तरी ते कुणाला ऐकू जात नाही.

हे व्हिडिओ मला मुलगी पाठवते. ती बंगळुरूला नोकरी करते. खाली लिहिते, 'आई, प्लीज हे कर.' आणि त्याच्याखाली लगेच, 'अनारसे करणार आहेस ना?'

आता अनारसे म्हणजे काय ते मोबाईलमधल्या बाईला कुणी सांगावं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचं. तांदळांची जेवढी बडदास्त राखली जाते, तेवढी या घरात कुणाचीच राखली गेलेली नाही. आणि इतकं करून तुपात सोडला की अनारसा हसतो आणि कढईभर होतो. करणारीचा अवतार बघूनच हसत असावा.

खरं म्हणजे देहाचे लाड करायला दिवाळीसारखा दुसरा सण नाही. अष्टांगहृदयात वाग्भटांनी रोज अंगाला तेल लावायला सांगितलंय, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना आवर्जून. वाग्भटांना सकाळची डोंबिवली-सीएसएमटी फास्ट पकडायची नव्हती, हे उघड आहे. आपण ते रोजचं काम वर्षातून एका पहाटेवर आणून ठेवलं. पण ती पहाट काय थाटाची! कोमट तेल, वाळा-नागरमोथा-आंबेहळदीचं उटणं, मोती साबण, बाहेर फटाके. उटण्याचं पाकीट चमचाभर वापरून कपाटात जातं आणि पुढच्या वर्षी नवं पाकीट आणल्यावर सापडतं, तो भाग वेगळा. वर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. नरकासुर समजून फोडायचं असलं तरी त्या क्षणी कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा, यावर बंधन नाही. राग काढायची इतकी स्वस्त सोय दुसऱ्या कुठल्या सणात असेल असं वाटत नाही. आणि हे सगळं सूर्योदयाआधी उरकलं नाही तर थेट नरक. स्वतःची निगा राखली नाही म्हणून नरकात पाठवणारी संस्कृती मला तरी दुसरी माहीत नाही.

गोम एवढीच की हे तेल आपलं आपण लावायचं नसतं, दुसऱ्याने लावायचं असतं. नरक चतुर्दशीला बाईने मुलांना लावायचं, नवऱ्याला लावायचं. पाडव्याला नवऱ्याला पुन्हा लावायचं. भाऊबीजेला भाऊ हजर. लग्नाआधी तिला आई लावते. लग्नानंतर तिच्या टाळूवर तेल कोण घालणार, यावर शास्त्र गप्प आहे. ती आपली सगळ्यांचं झाल्यावर, गीझर दमल्यावर, वाटीत तळाशी उरलेलं थंड तेल केसांना पुसते आणि नैवेद्याला लागते.

यंदा मी जाहीर केलं की फराळ बचत गटाकडून येईल, अनारशांसकट, आणि दुपारी मी खोलीचं दार लावून दिवाळी अंक वाचेन. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात अंक दिवाळीला येतात आणि वाचले जातात होळीला. मधल्या काळात ते गरम भांड्याखाली असतात. मला तो ताजा, तेलाचे डाग पडायच्या आत वाचायचा होता.

"हो, वाच की," सासूबाई म्हणाल्या. त्या स्वरातून काही कळेना. आमचे हे मात्र उत्साहाने फुलून आले. "चकल्या तरी घरच्या हव्यात. मी करतो. तू आराम कर."

मी दार लावलं. पहिली कथा उघडली. दारावर टकटक.

"तू वाच गं. फक्त सोऱ्या कुठंय?"

सोऱ्या सांगितला. मग चकलीची ताटली. मग मोठा झारा. मग "भाजणी म्हणजे ही पिवळट का ती करडी?" कथेतला नायक वडिलांच्या मृत्यूची तार वाचत होता, त्याची ती तार तासभर वाचून होईना. मग सूं असा आवाज आला, पाठोपाठ नुसती शांतता. चकली कढईत पडल्यावर शांतता होत नसते. फेस येतो, कुणीतरी काहीतरी बोलतं.

"अगं, चकल्या दिसत नाहीयेत!"

"दिसत नाहीत म्हणजे?"

"सोडल्या होत्या. आता नुसतं तेल आहे. आणि खाली गाळ."

मोहन जास्त झालं होतं. स्वयंपाकघरात जायचं की स्वतःवर प्रेम करायचं? मोबाईलमधल्या बाईने या प्रसंगाचं काही सांगून ठेवलेलं नव्हतं. मी पलंगावरूनच ओरडले, "मोहन किती घातलंत? आणखी भाजणी घाला!" पुढच्या चकल्या दिसल्या. फक्त त्या दातांना दाद देईनात.

संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही तिथेच तर बसला होतात. सांगायचं नाही का त्यांना?"

"मी स्वतःची काळजी घेत होते," त्या म्हणाल्या. "तो व्हिडिओ मलाही आलाय."

नरक चतुर्दशीला पहाटे अलार्म झाला तशी मी उठले, पाट मांडला आणि त्यावर स्वतःच बसले. तोपर्यंत मुलगी घरी आली होती. तिला नवा ड्रेस घालून मैत्रिणींबरोबर फडके रोडवर जायचं होतं. दिवाळीच्या पहाटे अख्खी तरुण डोंबिवली तिथे एकमेकांना बघायला उभी असते.

"आई, आधी मला लाव ना, उशीर होतोय."

"दीर्घ श्वास घे," मी म्हटलं. "अहो, वाटी घ्या. आधी मला लावा."

यांनी माझ्या डोक्यावर तेल घातलं आणि बिजागरीला घालतात तसं एका बोटाने पुसलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना राहवेना. "सरक. टाळू कुठे असते हे तरी माहितीये का?" पदर खोचून त्यांनी वाटी हातात घेतली. टाळू, कानामागे, मान, तळपाय. वाग्भटांनी बसून बघितलं असतं. शेवटी पाठीवर एक सणसणीत थाप मारून म्हणाल्या, "ऊठ आता. मला कोण लावणार?"

मग त्या पाटावर आणि वाटी माझ्या हातात. त्यांच्यानंतर मुलगी. ती ओले केस झटकत खाली पळाली तेव्हा समोरच्या इमारतीच्या टाकीवर ऊन आलं होतं आणि आमचे हे पंचा गुंडाळून, हातात न फोडलेलं कारीट घेऊन उभे होते.

"म्हणजे आता मी नरकात जाणार?"

"जा," सासूबाई म्हणाल्या. "डबा देते बरोबर. चकल्या उरल्यात."